ताईशानला जाताय? मग पायथ्यापासून चढा

आधीच सांगतो, उंचीसाठी जाणार असाल तर राहू द्या. ताईशान सुमारे १५३३ मीटरचा आहे आणि आपलं कळसूबाई १६४६, म्हणजे शंभराहून जास्त मीटरने आपणच वर. तरी चीनमधल्या पाच पवित्र डोंगरांत पहिला मान याचाच, कारण हा पूर्वेचा, सूर्य उगवतो त्या बाजूचा. इ.स.पू. २१९ मध्ये चिन शी हुआंग, ज्याने अख्खा चीन पहिल्यांदा एका सत्तेखाली आणला तो, इथे येऊन आकाशाची आणि पृथ्वीची पूजा करून गेला, मग इ.स.पू. ११० मध्ये हान सम्राट वू, मग थांग घराण्यातले, आणि १००८ मध्ये सुंग सम्राट झेनझोंग, तो या मोठ्या राजपूजेसाठी आलेला शेवटचा. राजांचं येणं बंद झालं पण लोकांची रीघ काही आटली नाही, कारण लोक मुळात राजांच्या पूजेसाठी येतच नव्हते, ते येतात वरच्या देवीसाठी.

आता मुंबईहून जाणारे बहुतेक जण काय करतात, बसने अर्ध्यावर, तिथून रोपवेने वर, सूर्योदयाचा फोटो, दुपारी खाली आणि रात्री शांघायला शॉपिंग. गुडघ्यांचं दुखणं असेल तर जरूर तेच करा, देवी काही रागावणार नाही. पण ही यात्रा मुळात दरवाजांची आहे. स्वर्गाचा पहिला दरवाजा, मग मधला, मग दक्षिणेचा, एकेक ओलांडत वर जायचं आणि शेवटी देवीपुढे उभं राहायचं, ही सगळी रचना पायी चढणाऱ्यासाठी केलेली आहे आणि रोपवेच्या डब्यात बसलं की ती खालून निघून जाते. म्हणून पुढचं सगळं पायी चढणाऱ्यांसाठी लिहितोय.

तयारी मुंबईतच सुरू करा. पायऱ्या साधारण ७०००, सगळ्या दगडी, आणि सगळ्यात वाईट पायऱ्या शेवटी येतात, पाय संपल्यावर. ट्रेकची सवय आणि पायऱ्यांची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत बरं का, राजमाची-पेब करणारी पोरंसुद्धा नुसत्या पायऱ्यांवर रडकुंडीला येतात कारण प्रत्येक पाऊल सारखंच आणि तोच स्नायू भरत जातो. विरारची जीवदानी ही बेस्ट प्रॅक्टिस, पहाटेच्या लोकलने जा, चढा, उतरा, दम असेल तर परत चढा, आणि तिथलाही रोपवे विसरा. लांब जमत नसेल तर बिल्डिंगची लिफ्ट महिनाभर बंद, एवढं केलं तरी पुष्कळ. चढण्यापेक्षा उतरण्याची प्रॅक्टिस कमी करतात लोक, तिथेच मार खातात.

दुसरी तयारी माझगावला. हार्बर लाइनवर डॉकयार्ड रोडला उतरा, नवाब टँक रोडवर सी यिप कून नावाचं जुनं चिनी मंदिर आहे, १९१९ चं, बाहेरून साधं दोन मजली घर वाटतं, शोधताना एकदा पुढे निघून जाल. वरच्या मजल्यावर ग्वान गोंग आहे, तो ताओ धर्मातला, म्हणजे ताईशानची देवी ज्या जुन्या चिनी धर्मातली त्यातलाच, योद्धा देव. मुंबईत एकेकाळी गोदीच्या आसपास चिनी वस्ती होती त्यांचं हे देऊळ. तिथे जाऊन शांतपणे बघायचं की उदबत्ती कशी लावतात, नमस्कार कसा करतात. म्हणजे ताईशानवर गेल्यावर गर्दीत बावळटासारखं उभं राहायला होत नाही.

रीत थोडक्यात अशी. उदबत्त्या तीन, जास्त नकोत. मेणबत्तीवर किंवा दिव्यावर पेटवायच्या, ज्योत लागली तर तोंडाने फुंकायची नाही, हाताने वारा घालून विझवायची, हे आपल्यासारखंच. उदबत्त्या कपाळापर्यंत न्यायच्या, तीनदा वाकायचं, मग कुंडात एकेक उभी खोचायची. आणि इथे आपली गोची होते, कारण खोचायची डाव्या हाताने. आपल्याकडे पूजेला डावा हात पुढे केला तर आजी हातावर चापट मारेल, तिकडे उलट समजूत, उजव्या हाताने माणूस मारामारी, कापाकापी करतो म्हणून देवापुढे डावा. नमस्कारालाही हात जोडण्यापेक्षा मुठीवर तळवा, पुरुषांनी डावा वर. तुम्ही आपला नेहमीचा हात जोडून नमस्कार केलात तरी कोणी काही म्हणत नाही, मी दोन्ही करतो. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा, तो तिकडे गुडघ्याएवढा उंच असतो त्यामुळे चालताना खाली लक्ष ठेवा. आणि गाभाऱ्यात मूर्तीचा फोटो काढायचा नाही, आवारात काढा हवे तेवढे.

कधी जायचं? वसंतात, म्हणजे एप्रिल-मे, हाच खरा यात्रेचा मोसम, पूर्वीपासून शेतकरी कुटुंबं याच दिवसांत गावच्या मंडळाबरोबर निघायची. फक्त १ मेच्या सुट्ट्यांचा आठवडा आणि १ ऑक्टोबरचा आठवडा पूर्ण टाळा, त्या दिवसांत अख्खा चीन सुट्टीवर असतो आणि शेवटच्या पायऱ्यांवर दादर स्टेशनचा संध्याकाळचा ब्रिज होतो, फरक इतकाच की इथे घसरलात तर खाली बरंच अंतर आहे. ऑक्टोबरचा उत्तरार्ध पण छान, हवा स्वच्छ. जुलै-ऑगस्टला पाऊस आणि धुकं. हिवाळ्यात बर्फ जमतं पायऱ्यांवर, आपल्यासारख्यांनी जाऊ नये.

व्हिसासाठी मुंबईतूनच अर्ज होतो, कागदपत्रं आणि नियम बदलत असतात म्हणून जायच्या वेळी ताजी माहिती बघा, कोणाच्या जुन्या अनुभवावर जाऊ नका. विमानाला बहुतेक वेळा हाँगकाँग, बँकॉक किंवा सिंगापूरला बदल करावा लागतो. बीजिंग किंवा शांघाय गाठलं की पुढे बुलेट ट्रेन, बीजिंग साउथहून ताईआनला साधारण दोन तास, शांघायहून साडेतीनच्या आसपास. ताईआन म्हणजे डोंगराच्या पायथ्याचं शहर. ट्रेनचं आणि डोंगराचं तिकीट पासपोर्टवरच निघतं, झेरॉक्स चालत नाही, ओरिजिनल खिशात पाहिजे.

मोबाइलचं महत्त्वाचं. गुगल, व्हॉट्सअॅप तिकडच्या सिमवर चालत नाही, आपल्याच सिमचं इंटरनॅशनल रोमिंग घेतलं तर चालतं. पैसे सगळीकडे क्यूआरने, अगदी काकडी विकणाऱ्या बाईकडे पण, आणि आपलं यूपीआय अर्थातच नाही, म्हणून निघायच्या आधी घरी बसूनच अलीपे टाकून त्याला कार्ड जोडून ठेवा. थोडी रोख पण ठेवा. ५ युआनची नोट हातात आली तर उलटी करून बघा, मागे ताईशानच आहे.

शाकाहारी मंडळींनी घाबरू नका पण बेसावध पण राहू नका. 'मी मांस, मासे, अंडं खात नाही' हे चिनी अक्षरांत टाइप करून स्क्रीनशॉट ठेवा आणि दाखवा, बोलून सांगायचा प्रयत्न केलात तर वाटाणे-फुटाणे काहीही समोर येईल. ताईआनचं टोफू प्रसिद्ध आहे, कोबी आणि डोंगरातल्या झऱ्याचं पाणी यांच्याबरोबर ते तिथलं मानाचं खाणं. शांडोंग, म्हणजे ताईआन ज्या प्रांतात आहे तिथली, पातळ भाकरीसारखी जिएनबिंग मिळते, त्यात कांद्याची कच्ची लांब पात गुंडाळून खातात, एकदम झणझणीत. वाटेवर काकड्या, फळं, इन्स्टंट नूडल्स मिळतात आणि जसजसं वर जाल तसतसा भाव पण वर जातो. ते महाग वाटतं, पण तो माल कसा वर आलाय ते पुढे सांगतो. आपण राजगिऱ्याची चिक्की, खजूर, मेथीचे ठेपले एवढं नेलं की काम भागतं.

आता प्रत्यक्ष चढाई. सुरुवात डोंगरावर नाही, शहरात, दाय मियाओ या देवळात करायची. हे पूर्वशिखराच्या देवाचं, पुरुषदेवाचं देऊळ, जुनी समजूत अशी की माणूस मेला की त्याचा आत्मा ताईशानला येतो आणि त्याचा हिशोब हा देव बघतो, त्यामुळे जन्म पण इथला आणि मरण पण इथलं. आत मोठ्या सभागृहात भिंतीवर ६२ मीटर लांबीचं चित्र आहे, देवाची स्वारी निघते आणि परत येते, माणसं, घोडे, पालखी, झाडं. घाईत बघू नका. आवारात जुने वाकडेतिकडे सायप्रस आहेत, हान सम्राट वूने लावले असं सांगतात. इथे तीन उदबत्त्या लावायच्या आणि मनात 'येतोय वर' असं सांगून निघायचं. बहुतेक टुरिस्ट हे देऊळ टाळतात, मला ते म्हणजे कोर्टात वकीलपत्र न देताच उभं राहण्यासारखं वाटतं.

तिथून सरळ उत्तरेकडे रस्ता चढतो, दगडी कमान, मग पहिला स्वर्गदरवाजा, शेजारीच कन्फ्यूशियस इथून चढला असं लिहिलेली कमान, मग होंगमेन म्हणजे लाल दरवाजा. इथे काठी विकत घ्या, लाकडाची, स्वस्त असते, उतरताना आशीर्वाद द्याल. सकाळी सात-आठला इथून निघालात तर रमतगमत पाच-सहा तासांत वर. रात्री चढायची फॅशन आहे, कॉलेजची पोरं अकरा-बाराला निघतात आणि सूर्योदयाला वर पोचतात, वाटेवर दिवे असतात, धोका असा काही नाही, पण अंधारात तुम्हाला डोंगर दिसणारच नाही, वर थंडीत कुडकुडत बसायचं आणि देवळं उघडायच्या आत झोपेने डोळे मिटायचे. माझं मत, दिवसा चढा, वर एक रात्र राहा.

खालचा टप्पा सावलीचा आणि सोपा. देउळं येत राहतात, सगळीकडे थांबलात तर संध्याकाळ होईल. एक फाटा मात्र घ्या, उजवीकडे थोडं आत गेलं की एक मोठा उतरता कातळ आहे, त्याच्यावर साधारण दीड हजार वर्षांपूर्वी वज्रसूत्र कोरलंय, एकेक अक्षर हातभर, वरून पाणी वाहून वाहून पुष्कळ अक्षरं पुसली तरी हजारभर शिल्लक आहेत. बौद्ध सूत्र, ताओ डोंगर, आणि खाली कन्फ्यूशियसची कमान, कोणाला काही प्रॉब्लेम नाही.

मधला स्वर्गदरवाजा, झोंगतियेनमेन, इथे बस येते आणि इथूनच रोपवे निघतो. इथे मोह होतो. चहा प्या, बूट काढून पाच मिनिटं बसा आणि रोपवेच्या रांगेकडे न बघता पुढे निघा, कारण याच्या पुढे चक्क सपाट तुकडा आहे, चिनी लोक त्याला 'आनंदाचे तीन ली' म्हणतात, ली म्हणजे त्यांचं अंतराचं माप. मग चिन शी हुआंगचं पाइन झाड, पावसात तो त्याच्याखाली थांबला आणि खूश होऊन झाडाला सरकारी हुद्दा देऊन टाकला. आत्ताची झाडं नंतर लावलेली, पण हुद्दा चालू आहे.

आणि मग समोर अठरा वळणं. वळणं नावालाच, खालून बघाल तर दोन कड्यांच्या मध्ये एक सरळ जिना आभाळाला टेकवून ठेवलाय आणि टोकाला दक्षिणेचा स्वर्गदरवाजा लाल ठिपक्याएवढा. १६०० हून जास्त पायऱ्या, एक किलोमीटरच्या आत सुमारे ४०० मीटर चढ. शेवटच्या भागात पायरी इतकी अरुंद की आपलं पाऊल पूर्ण बसत नाही.

इथे हमाल बघा. खांद्यावर बांबूची आडवी काठी, दोन टोकांना पाण्याच्या बाटल्यांची खोकी नाहीतर भाजी, आणि तो माणूस सरळ चढत नाही. पायरीच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत तिरका जातो, तिथे वळतो, काठी एका खांद्यावरून दुसऱ्यावर मानेमागून फिरवतो, आणि परत तिरका डावीकडे. पाऊल आडवं पडतं म्हणून अरुंद पायरीवर पूर्ण बसतं, चढ कमी होतो आणि श्वास तुटत नाही. तसंच चढा. गर्दी नसेल तेव्हा नागमोडी, गर्दी असेल तर कठड्याच्या बाजूने पाऊल तिरकं ठेवून. वीस पायऱ्या, थांबा, वीस पायऱ्या. हमालाला आधी वाट द्यायची, त्याच्या काठीच्या टप्प्यात सेल्फी काढत उभं राहायचं नाही. आणि मग वरची पाण्याची बाटली महाग म्हणून कटकट करावीशी वाटत नाही.

दक्षिणेचा दरवाजा ओलांडला की आकाशगल्ली, दुकानं, हॉटेलं, सगळं सपाट. घामाने भिजलेले असाल आणि वारा झोंबेल, लगेच कोरडा टीशर्ट आणि जॅकेट. खालच्यापेक्षा वर आठ-दहा डिग्री कमी असतात, मुंबईकराला मेमध्येसुद्धा रात्री हुडहुडी भरते. लष्करी हिरवे जाड कोट भाड्याने मिळतात, दिसायला कसेही असोत, घ्या.

गल्लीच्या पुढे देवीचं देऊळ, बिशिया युआनजुन. अधिकृत नाव हे, लोक तिला ताईशानची आजी म्हणतात. मुख्य देवळाची कौलं काशाची आणि बाजूच्यांची लोखंडाची, कारण इथल्या वाऱ्यात मातीची कौलं टिकत नाहीत. एका बाजूला मूल देणारी देवी, दुसऱ्या बाजूला डोळ्यांची देवी. नवस हा प्रकार आपल्याला समजावून सांगायला नको, इथे अगदी तसाच, मागायचं, मिळालं की परत येऊन फेडायचं, आणि फेडल्याशिवाय चालत नाही अशी पक्की समजूत. मूल हवं असणाऱ्या बायका पूर्वी इथून मातीची बाहुली लाल दोऱ्याने बांधून घरी न्यायच्या, वाटेवरच्या झाडांच्या फांद्यांवर दगड ठेवलेले दिसतील तो पण त्यातलाच प्रकार. मिंग काळात गर्दी इतकी वाढली की सरकारने १५१६ पासून उदबत्ती-कर लावला, तो १७३५ ला जाऊन बंद झाला. तेव्हा ताईआनच्या खानावळी चक्क पॅकेज द्यायच्या, नवस करून खाली आलात की तीन दर्जांची मेजवानी, वरच्या दर्जाला स्वतंत्र टेबल, खालच्याला चौघांत एक. म्हणजे टूरवाले आजचे नाहीत.

आवारात थोडा वेळ नुसतं बसा. माझ्या समोर एक सत्तरीची बाई आली, पिवळ्या कापडाची पिशवी गळ्यात, पायात कापडी बूट, बरोबर गावातल्या चार-पाच जणी. पिशवीतून सफरचंदं काढली, पदराने पुसावीत तशी बाहीने पुसली, एकेक फळ देठ वर करून ताटात मांडलं, एक घरंगळलं तर परत पहिल्यापासून मांडलं. मग गुडघे टेकले आणि देवीशी बोलायला लागली, हळू नाही, चांगलं मोठ्याने, तक्रार केल्यासारखं. कोणी वळून पाहिलं नाही. आपण नेमकं काय करायचं हा प्रश्न तिथेच सुटला, जे सांगायचंय ते मराठीत सांगा.

इथले ताओ साधू निळ्या झग्यात, केसांचा डोक्यावर बुचडा, ब्रह्मचारी आणि शाकाहारी असतात. त्यांना दाओझांग म्हणायचं. बाहेर कोणी हात बघून भविष्य सांगायला आला किंवा हातभर जाडीच्या महागड्या उदबत्त्या गळ्यात मारायला लागला तर मान हलवून पुढे चला, देवीला तीन बारीक पुरतात. देवळाबाहेर डोंगरावर कुठेही काडी पेटवायची नाही, वणव्याच्या भीतीने फार कडक आहेत, सिगारेटवाल्यांनी लायटर खालीच ठेवून यावं.

देवीच्या मागे थांग सम्राट शुआनझोंगचा ७२६ चा सोनेरी अक्षरांचा कडा, मग काहीच न कोरलेला उंच दगड, आणि सर्वांत वर जेड सम्राटाचं, म्हणजे ताओ देवांच्या राजाचं, छोटं देऊळ, आवारात डोंगराचं खरं टोक कठड्यात बंद करून ठेवलंय, कठड्याला हजारो कुलपं आणि लाल फिती. सूर्योदय पूर्वेच्या कड्यावरून, जूनमध्ये पाचच्याही आधी, डिसेंबरात सातच्या सुमाराला. धुकं असलं तर काही दिसत नाही, आणि बऱ्याचदा असतं. त्यासाठी दुसरी रात्र थांबू नका, दर्शन झालंय ना.

उतरताना मात्र हट्ट सोडा. रोपवेने झोंगतियेनमेन, तिथून बस खाली. चढलेल्याच पायांनी अठरा वळणं उतरणं हा वेडेपणा आहे, पोटऱ्या थरथरतात आणि अरुंद पायरीवर टाच टिकत नाही. दुसऱ्या दिवशी जिना दिसला तरी अंगावर काटा येईल, म्हणून तो दिवस मोकळा ठेवा, फार तर बुलेट ट्रेनने वीस मिनिटांवर चूफू आहे, कन्फ्यूशियसचं गाव, सगळं सपाट. आणि तिकीट काढताना नीट बघा, शहरात दोन स्टेशनं आहेत, ताईशान हे जुन्या साध्या गाड्यांचं आणि ताईआन हे बुलेट ट्रेनचं, टॅक्सीवाल्याला तिकिटावरचं नावच दाखवा.